उभ्या धोंड्याला हात लावू नये

फाल्गुन लागला की जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीतून कडब्याचे ट्रॅक्टर जायला लागतात. गल्ली एवढीशी आणि ट्रॉली तिच्यापेक्षा रुंद. दोन्ही बाजूंच्या कापडदुकानांच्या पाट्यांना कडबा घासत जातो, रिक्षावाले शिव्या देतात, आणि मागे गल्लीभर तो वास राहतो. वाळलेल्या धाटांचा, थोडा गोड, थोडा धुळीचा. शेजारचे धान्याचे व्यापारी तो छातीभर ओढून घेतात आणि म्हणतात, गाव आठवलं बघा मॅडम. मी मान हलवते. गाव मलाही आठवतं. पण मला काय आठवतं ते सांगितलं, तर ते दुकानाचं शटर ओढून घेतील.

मला राग येतो. ताजा, कालच कुणीतरी तोंडावर बोलून गेल्यासारखा. वर्षभर तो कुठे असतो कोण जाणे. मी शाळेत इतिहास शिकवते, पेपर तपासते, वरणाला फोडणी देते, आणि मॅडम किती शांत आहेत असं लोक म्हणतात. कडब्याचा वास आला की तो उठून बसतो आणि विचारतो, विसरलीस का? नाही बाबा, विसरले नाही.

सुडाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. आठवणींच्या लेखात आंब्याचा मोहोर चालतो, आईच्या हातची भाकरी चालते, डोळ्यांच्या कडा ओलावलेल्या चालतात. सूड म्हटलं की वाचणारा सावरून बसतो. माफ करणारा मोठा, असं आपण मुलांना फळ्यावर लिहून देतो. मीही दिलंय. पण माफी मागायला कुणी आलंच नाही, तर ती काय दारात पाट मांडून ठेवायची? मी ठेवली नाही. मी सूड घेतला. कुणाला शिवी दिली नाही, कुणाचा बांध कोरला नाही. माझा सूड सरकारी राजपत्रात छापून आला. त्याचं मला समाधान आहे, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आमचं गाव वडीगोद्रीहून आत. हायवेवरची चहाची, टायरची, खताची दुकानं संपली की डाव्या हाताला कच्चा रस्ता फुटतो, त्या रस्त्याला. आता तिकडे ऊस आहे, मोसंबी आहे. मी लहान होते तेव्हा नुसती ज्वारी होती. नजर जाईल तिथवर ज्वारी. आणि त्या सपाट काळ्या रानात, बापूरावांच्या सगळ्यात मोठ्या तुकड्यात, मधोमध एक दगड उभा होता. पुरुषभर उंच, वर निमुळता, जरासा एका अंगाला कललेला. आजूबाजूला कोसभर तसला दुसरा दगड नाही. तो कुणी आणला, कशाला रोवला, कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. नांगर त्याला वळसा घालून जायचा. गाव त्याला उभा धोंडा म्हणायचं. त्याला नाव नव्हतं, नवस नव्हता, नारळ नव्हता.

त्याला काम मात्र होतं. बाया त्याच्यावर विळ्याला धार लावायच्या. काढणीला निघालेली बाई आधी धोंड्यापाशी थांबायची, चूळभर पाणी शिंपडायची आणि घासायला लागायची. पिढ्यान्‌पिढ्या घासून त्या दगडाला खाचा पडल्या होत्या. आणि गंमत अशी की प्रत्येक घराची खाच वेगळी. पाटलांच्या, कुणब्यांच्या बाया मावळतीकडून लावायच्या, आमच्या वस्तीच्या बाया उगवतीकडून. दोन्हीकडून एकाच वेळी खर्र खर्र चालू असायचं, मधे दगड. नवी सून पहिल्यांदा काढणीला आली की सासू तिचा हात धरून तिच्या घराच्या खाचेत ठेवायची. ही आपली. बस, एवढंच बोलायचं. दागिने अंगावर घालावेत असे आमच्यात कुणाकडे नव्हते. सासूकडून सुनेला मिळायची ती ही खाच. माझ्या आईला, गयाबाईला, तिच्या सासूने ती दाखवली होती. कमरेच्या उंचीला, जराशी तिरकी. मी आईबरोबर जायची तेव्हा त्या खाचेत बोट फिरवायची. आतून ती काचेसारखी गुळगुळीत लागायची आणि सकाळच्या वेळी गार.

त्या धोंड्याला आम्ही कधी हात जोडले नाहीत. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले होते. आम्हाला देव नको होता, धार हवी होती. हे पुन्हा सांगते, कारण पुढे गावात बोललं गेलं की गयाबाई देवाला शिवायला गेली होती. ती गेली होती विळा घासायला.

मी पाचवीत होते त्या वर्षीचा तो फाल्गुन. ज्वारी त्या साली अशी आली होती की धाटं माणसाच्या डोक्यावरून जात होती. कणसं भरून वाकलेली. सकाळी पाखरं, संध्याकाळी पाखरं. शाळा सकाळची झालेली, तरी आईने मला नेलं, कारण पेंढ्या बांधायला हात कमी पडत होते. अंधुकशा उजेडात आम्ही निघालो. मला अजून थंडीने शहारलेले माझे पाय आठवतात, आणि आईच्या डोक्यावरच्या टोपल्यातून येणारा ठेच्याचा वास. आई नेहमीच सगळ्यांच्या आधी पोचायची. खाचेशी रांग लावायला तिला आवडत नसे.

धोंडा लाल दिसत होता. आई थांबली, बघत राहिली. त्या दिवसांत कालव्याची मोजणी चालू होती. साहेब लोक दुर्बीण घेऊन यायचे आणि दगडांवर, झाडांवर लाल रंगाचे पट्टे मारून जायचे. आईला वाटलं तेच आले होते. "ह्या मोजणीवाल्यांनी एवढा रंग कशाला नासला," असं ती स्वतःशीच म्हणाली, पाणी शिंपडलं आणि विळा खाचेत घातला. दोनचारदा घासल्यावर विळ्याला, बोटांना लाल लागलं. तेलकट. मग तिने हात नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा उतरला. तो रंग नव्हता, शेंदूर होता.

झालं होतं असं की बापूरावांचा मुलगा त्या थंडीत तापाने जायला आला होता आणि वाचला. कुठल्याशा बाबाने सांगितलं, तुमच्या रानात देव उभा आहे, तो तुमच्या पोराला राखतो. मग आदल्या संध्याकाळी धोंड्याला तेल-शेंदूर झाला, चांदीचे डोळे बसले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. आमच्या धोंड्याला टाकी कधी लागलीच नव्हती. त्याला लागले होते ते बायांचे विळे, आणि नेमके तेच आता चालणार नव्हते.

बापूराव नारळ घेऊन आले तेव्हा आईच्या हातात तो लाल झालेला विळा होता. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी विसरलेही असते. ते थंडपणे म्हणाले, "तो विळा तिथंच ठिव. देवाला लागला, देवाचा झाला. आन आजपासून तुमच्या बायांनी ह्या धोंड्याला हात लावायचा न्हाई. नियम हाय." आईने विळा पायथ्याशी ठेवला. मग ते म्हणाले, कामाला लागा, ऊन व्हायच्या आत चार ओळी निघाल्या पाहिजेत.

विळ्यावाचून काढणी कशी करतात? हाताने. धाट दोन्ही मुठींत धरायचं, पाय रोवायचे आणि मुळासकट उपटायचं. ओल्या जमिनीत ते येतं. फाल्गुनात काळी जमीन तडकून दगड झालेली असते. आईने त्या दिवशी दिवसभर ज्वारी उपटली. दुसऱ्या बाईचा विळा मागायची सोय नव्हती, कारण प्रत्येकीला आपापली ओळ होती. आणि निघून यायची सोय नव्हती, कारण काढणीची मजुरी पेंढ्यांत मिळायची, आणि त्या पेंढ्यांवर आमचं पुढचं वर्ष असायचं. मी तिच्या मागे पेंढ्या बांधत होते. पेंढी बांधायच्या आळ्यावर, धाटांवर, मला जागोजाग ओलं लाल दिसत होतं. मला आधी वाटलं, शेंदूर आहे.

त्या संध्याकाळी आईला पीठ मळता आलं नाही. मी मळलं, मी भाकरी थापल्या, वाकड्यातिकड्या. आईने हळदीच्या तेलात दोन्ही हात बुडवून ठेवले होते. मी रडत म्हणाले की मी त्या बापूरावाला दगड मारीन. ती म्हणाली, "जाऊ दे, माय." पुढची सगळी वर्षं ह्या विषयावर तिच्याकडून मला एवढंच ऐकायला मिळालं. जाऊ दे.

मी जाऊ दिलं नाही. माझा हिशेबच वेगळा होता. विळा देवाच्या पायाशी राहिला. वर्षभरात त्याच्यावरही शेंदूर चढला, हळदकुंकू पडायला लागलं. देवाचं हत्यार आहे म्हणून लोक त्याच्याही पाया पडायचे. माझ्या आईच्या हाताने झिजलेली मूठ त्या गावाने वर्षानुवर्षं पुजली, आणि ते हात चालत नव्हते. ह्यावर मला कुणी माफीचं तत्त्वज्ञान सांगायला लागलं की मी त्यांना चहा देते आणि विषय बदलते.

सूड घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला पुष्कळ वर्षं कळत नव्हतं. शिकत होते, तेव्हा वाटायचं मोठी झाले की बापूरावांसमोर खुर्चीत बसेन, तोच सूड. नोकरी लागली, खुर्ची मिळाली, पण त्याने काही थंड झालं नाही. मग एकदा इतिहासाच्या शिक्षकांना प्रशिक्षणाला नेलं होतं. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्रं दाखवत होते. नवाश्मयुग, घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी, आणि मग एका सपाट रानात एकटाच उभा, वर निमुळता दगड. कुठल्या दुसऱ्याच मुलखातला. मी खुर्चीतून अर्धी उठले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. घरी येताना एसटीत मी तिकिटामागे पेनाने तोच दगड काढत होते. मला आनंद झाला होता, आणि चांगल्या माणसाला होतो तसला आनंद तो नव्हता.

तरी मी काही केलं नाही. राग उतावळा झाला की वाया जातो. मी वाट पाहिली, आणि बापूराव आपल्या पायाने चालत माझ्या घरी आले.

कारण तोवर धोंड्याचं प्रस्थ वाढलं होतं. हायवे रुंद झाला, गाड्यावाले थांबायला लागले, अमावस्येला जत्रा भरायला लागली. परतूरकडे, आष्टीच्या बाजूला, दुसऱ्या एका देवस्थानाचा सभामंडप झाला होता, कमान झाली होती, तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळतोय अशी हवा होती. बापूरावांच्या पोटात दुखू लागलं. आमचा देव त्याच्याहून जुना, पण कागदावर कुठे काही नाही. गावात शिकलेलं माणूस कोण, तेही इतिहास शिकलेलं? गयाबाईची पोरगी. जुन्या जालन्यात राहती. तेव्हा ते माझ्याकडे देवाचं माहात्म्य लिहून मागायला आले. गरज पडली की गाढवाचेही पाय धरतात म्हणतात. त्यांच्या लेखी मी कोण होते ते मला ठाऊक होतं.

ते माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसले. मी चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिऊन टाकला. मला आत कुठेतरी वाटलं, चला, एवढ्यावर भागलं समज. पण नाही भागलं.

मी म्हणाले, मी लिहिलेलं कोण मानणार, बापूराव? तुम्ही पुरातत्त्व खात्याच्या लोकांना का बोलावत नाही? सरकारनेच सांगितलं की हा दगड हजारो वर्षं जुना आहे, तर कुणाचं तोंड उघडेल? त्यांचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, सरकार बराबर सांगंल का? मी म्हणाले, जुना असेल तर नक्की सांगेल. आणि मग? मग सरकार स्वतः त्याची राखण करेल. माणूस नेमेल. पाटी लावेल. ते म्हणाले, "पाटी पाहिजेच. मोठी."

मी एकही शब्द खोटा बोलले नाही. हे मला फार आवडतं. तो सगळा संवाद मी मनात पुन्हा पुन्हा चालवते आणि दर वेळी तपासते, कुठे खोटं बोलले का? नाही. जुनं म्हणजे देव, आणि सरकारने राखलं म्हणजे देवाचा मान वाढला, ही समजूत त्यांची स्वतःची होती. मी फक्त ती मोडली नाही.

पाहणीला आलेल्या पुरातत्त्वाच्या बाई माझ्याहून पुष्कळ लहान होत्या, डोक्याला टोपी, पायात बूट. बापूरावांनी त्यांना पुरणाचं जेवण घातलं, रानभर हिंडवलं, जमिनीचे मालक म्हणून जिथे म्हणाल तिथे सही दिली. पुढे दगड संरक्षित करण्याची सूचना गावात चिकटवली गेली. कुणाची हरकत असेल तर कळवा. हरकत कसली? गावाने पेढे वाटले. मुदत टळून गेली. राजपत्रात छापून आलं, सगळं पक्कं झालं.

मग शेंदूर उतरवायला माणसं आली, तेव्हा गावाच्या डोक्यात उजेड पडला.

त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गेले. कित्येक वर्षांचं तेल आणि शेंदूर बसून धोंड्यावर हातभर जाड थर झाला होता, तो हळूहळू ओला करून, लाकडी पट्ट्यांनी सोडवत होते. मोठमोठे तुकडे पडत होते. चांदीचे डोळे निघाले, ते एका कापडात गुंडाळून बापूरावांच्या हातात दिले. त्यांनी ते घेतले आणि उभे राहिले. गाव लांब उभं होतं. कुणी म्हणालं, कोप होईल. मी तिथेच होते, काही झालं नाही. पायथ्याच्या थरातून एक गंजका विळा निघाला. तो कुणाचा, असं बाईंनी विचारलं. मी म्हणाले, माझ्या आईचा. त्यांनी तो पुसून मला दिला. घरी आणून आईपुढे ठेवला, तर ती तो हातात घेऊन म्हणाली, मूठ बदलावी लागंल.

आणि खाचा उघड्या पडल्या. उगवतीच्या, मावळतीच्या, सगळ्या. बाईंनी गुडघ्यावर बसून त्यांवर बोट फिरवलं, आणि मी पाचवीतली पोरगी असल्यासारखी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी सांगितलं की ह्या वरच्या बारीक खाचा लोखंडाच्या आहेत, अलीकडच्या. पण त्यांच्या खाली बघा, हे रुंद, उथळ, खोलगट भाग आहेत ना, इथे दगडी कुऱ्हाडी घासल्या आहेत. लोखंड माहीत नव्हतं तेव्हापासून माणसं इथे येऊन धार लावतायत. दगड तर पुष्कळ सापडतात, म्हणाल्या, ह्याचं मोल ह्या खाचांमुळे आहे.

बापूराव पुढे झाले. त्यांनी विचारलं, म्हणजे कुणी पुजत नव्हतं ह्याला? बाई म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही, पण वापरत होते एवढं नक्की.

त्या क्षणी मला जे झालं ते मी लिहूनच ठेवते. मला हसू आलं. मोठ्याने नाही. बापूरावांच्या सव्वाशे पिढ्यांआधी कुणी एक बाई, की बुवा, इथे उकिडवी बसून दगडावर दगड घासत होती, आणि माझी आई तिच्या जागेवर हात ठेवत होती. सरकारने जे राखायला घेतलं ते बापूरावांचा शेंदूर नव्हता, ते आमच्या बायांनी झिजवलेलं होतं. मी इतकं मागितलंही नव्हतं. मला फक्त त्यांचा हात सुटायला हवा होता.

आता तिथे लोखंडी खांब आहेत, खांबांना साखळी आहे, निळी पाटी आहे. बापूरावांनी मागितली तशीच मोठी. ह्या दगडाला हात लावू नये, रंग देऊ नये, त्यावर काही वाहू नये, आसपास बांधकाम करू नये, केल्यास शिक्षा होईल. सभामंडपासाठी आणून टाकलेल्या विटा अजून बांधावर पडून आहेत. जत्रा दोन वर्षं जवळच्या लिंबाखाली भरली, मग विरली. आमच्या वस्तीच्या बायांनाही अर्थात आता धार लावता येत नाही. मला कुणीतरी हे टोचून विचारलं होतं, तुम्ही मिळवलं काय मग? बायांच्या हाती आता विळे राहिले कुठे, त्या सोयाबीनच्या मशीनमागे पोती धरतात, नाहीतर शहरात भांडी घासतात, हे खरं. पण ते सोडा. समजा असते विळे, तरी मी हेच केलं असतं. मला आपल्याला मिळावं म्हणून थोडंच करायचं होतं? त्यांचं जावं म्हणून करायचं होतं.

हे असं लिहिलेलं वाचायला कडू लागतं, मला कळतं. वारसा ह्या शब्दाबद्दल शाळेत मी जे शिकवते ते फार गोड आहे. पूर्वजांनी आपल्या हाती सोपवलेलं, जपून ठेवावं असं, वगैरे. मुलं वहीत उतरवून घेतात. पूर्वजांनी माझ्या हाती काय सोपवलं? एक खाच आणि एक राग. दोन्ही मी जपलं. दोन्हींना आता कुणाला हात लावता येत नाही.

ह्या फाल्गुनात आई म्हणाली, एकदा धोंडा बघून येऊ. ती आता फारशी बाहेर पडत नाही. डोळ्यांना कमी दिसतं, गुडघे बोलतात. शेंदूर उतरल्यापासून ती तिथे गेलीच नव्हती. मी कितीदा म्हटलं, तर जाऊ दे म्हणायची. यंदा तिनेच काढलं. मी गाडी ठरवली. कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा कुणाच्या तरी तुकड्यात ज्वारी उभी होती, उसाच्या मधे चुकून राहिल्यासारखी. तिने गाडी थांबवायला लावली, ज्वारीकडे तोंड करून बसल्या बसल्या वास घेतला आणि म्हणाली, चल.

उन्हं कलली होती. राखण करणारा माणूस आमच्याच वस्तीतला, त्याने आईसाठी पाण्याचा ड्रम उलटा घालून बसायला दिला. आई साखळीच्या बाहेर, धोंड्याकडे तोंड करून बसली. तिला खाच दिसत होती की नाही देव जाणे. मी दाखवायला लागले तर म्हणाली, ठावं हाय.

तेवढ्यात पलीकडून, मावळतीकडच्या बांधावरून, काठी टेकत बापूराव आले. मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. अंगातला सदरा खांद्यावरून लोंबत होता, मान हलत होती. मागे कुणी नव्हतं. मुलगा पुण्याला, ज्याच्यासाठी हा सगळा देव झाला तोच. ते साखळीपाशी आले आणि थांबले. राखणदाराने मला हळूच सांगितलं की ते रोज येतात, हात जोडतात आणि जातात.

आज ते गेले नाहीत. ते राखणदाराशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले नाहीत. धोंड्याच्या बाजूने बघत ते आईला म्हणाले, "गयाबाई, ओळखलं का?"

आई म्हणाली, "ओळखलं, मालक."

"लई दिवस न्हाई राह्यले आता माझे," ते म्हणाले. "शेंदूर न्हाई, नारळ न्हाई, काहीच न्हाई करत. फकस्त एकदा हात लावू दे म्हणून तुमच्या पोरीला सांगा. ह्यो राखणवाला तिचं ऐकून राह्यला. एकदा हात लावतो आन जातो."

तुमच्या, म्हणाले, आईला एकटीला. आयुष्यात पहिल्यांदा. राखणदार माझ्याकडे बघायला लागला. साखळी खाली टाकायला त्याला माझी नुसती मान पुरली असती, आणि त्या रानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी, ह्या माणसाकडून अजून काय घ्यायचं राहिलंय? माझी मान हलायला आली होती. खरंच आली होती. आणि आई बसलीच होती, ती जाऊ दे म्हणणार हे तर मला पाठ होतं.

आई काठीविना उठली. माझ्या खांद्याला धरून सरळ उभी राहिली.

"न्हाई, मालक," ती म्हणाली. "नियम हाय."

बापूराव साखळीशीच उभे राहिले. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. आई डोळे बारीक करून साखळीच्या आत जमिनीकडे बघत होती, मग धोंड्याकडे.

"आन जरा मागं सरा," ती म्हणाली. "तुमची सावली पडून राह्यली धोंड्यावर."

बापूरावांनी खाली पाहिलं, आणि ते मागे सरकले.